डोळ्यांना त्रास न देणारा मॉनिटर: २४ की २७, आणि ‘आय केअर’च्या स्टिकरला किती मानायचं?

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. रोज आठ-नऊ तास स्क्रीनसमोरचं काम. अर्धा वेळ टॅली आणि एक्सेल, अर्धा वेळ मराठी मजकूर: अहवाल, इतिवृत्तं, पत्रिका. सध्या १८.५ इंची जुना मॉनिटर आहे, १३६६ × ७६८ चा, तोही व्हीजीए केबलवर. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं.
बजेट १५ हजार, खरंच फरक पडणार असेल तर २० पर्यंत. दुकानात सल्ला मिळाला की २७ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) घ्या, अक्षर मोठं दिसेल, डोळ्यांना बरं. खोक्यावर ‘आय केअर’, ‘लो ब्ल्यू लाईट’, ‘फ्लिकर फ्री’ असं बरंच लिहिलेलं असतं. त्यातलं कामाचं काय? खोली पश्चिमेची आहे, खिडकी पाठीमागे येते आणि उन्हाळ्यात कूलर चालू असतो. जाणकारांनी सांगावं.

पिक्सेलमोजणी (धुळे)
२७ इंची फुल एचडी मजकुराच्या कामाला घेऊ नका. आधी आकडे बघा.
तुमचा १८.५ इंची १३६६ × ७६८ म्हणजे इंचाला साधारण ८५ ठिपके. २७ इंची फुल एचडी म्हणजे ८२. पैसे मोजून तुम्ही आहे त्याहून थोडा जाडाभरडाच पडदा घरी आणाल. अक्षर मोठं होईल, स्पष्ट होणार नाही.
बाकीचे असे: २१.५ इंची फुल एचडी १०२, २३.८ इंची फुल एचडी ९३, २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४०) १०९, ३२ इंची क्यूएचडी परत ९३ च्या आसपास, २७ इंची फोरके (३८४० × २१६०) १६३.
आता हे डोळ्याच्या मापात. चांगल्या नजरेला एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा ओळखता येतो. ६० सेंटिमीटरवर तो होतो साधारण ०.१७ मिलिमीटर. २७ इंची फुल एचडीचा एक ठिपका ०.३१ मिमी, क्यूएचडीचा ०.२३, फोरकेचा ०.१५५. म्हणजे ६० सेंमीवर फुल एचडीचा प्रत्येक ठिपका डोळ्याला सुटा ओळखता येतो आणि फोरकेचा येत नाही. क्यूएचडीचा ठिपका मिसळायला ८० सेंमी मागे बसावं लागतं, २७ इंची फुल एचडीला मीटरभराहून जास्त.

वरणबट्टी
वाचतेय. हाच प्रश्न होता. ४० च्या पुढच्यांसाठी वेगळं काही असतं का, तेही कुणी लिहा.

अक्षरजुळणी (अमळनेर)
पिक्सेलमोजणी यांनी सांगितलं ते इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त लागू आहे, आणि मॉनिटरची परीक्षणं लिहिणारे हे कधी लिहीत नाहीत, कारण ते रोमन अक्षरांवर तपासतात.
११ पॉइंटचा निर्मला यूआय (विंडोजमधला देवनागरी फॉन्ट) १०० टक्के स्केलिंगवर (विंडोजमध्ये सगळं मोठं करून दाखवायची सोय) घेतला तर अक्षराच्या पूर्ण चौकटीला मिळतात साधारण १५ पिक्सेल. रोमनला तेवढे पुरतात. आपल्याला त्याच १५ मध्ये वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसवायचे, खाली उकार आणि ऋकार. मग शिरोरेषेखाली अक्षराच्या अंगाला दहाच्याही आत उरतात. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ यांतला मोठा फरक म्हणजे शिरोरेषेतली ती छोटीशी फट. जाडाभरड्या पडद्यावर ही फट एका पिक्सेलची होते आणि कडा गुळगुळीत करताना त्यात राखाडी रंग भरला जातो. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ एकसारखे दिसायला लागतात. ‘कर्तृत्व’मधला रफार आणि ‘र्तृ’ची खालची शेपटी बघा, लगेच कळेल. वाचणारा संदर्भाने ओळखतो, पण मुद्रितशोधन करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी डोळे बारीक करावे लागतात. कपाळ जड होतं ते तिथे.
दुसरी गोष्ट क्लिअरटाइपची, म्हणजे विंडोजच्या अक्षर गुळगुळीत करायच्या सोयीची. एका पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून तो स्पष्टता वाढवतो, पण त्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, म्हणून फायदा फक्त आडव्या दिशेला. रोमनमध्ये उभे दांडे भरपूर, त्यांना तो मिळतो. आपली शिरोरेषा आडवी, मात्रा तिच्यावर, उकार तिच्याखाली. आपली सगळी गर्दी उभ्या दिशेला, आणि तिथे क्लिअरटाइप फारसा कामाला येत नाही. देवनागरीला खरेच पिक्सेल लागतात.

पिक्सेलमोजणी (धुळे)
क्लिअरटाइपचा मुद्दा अगदी बरोबर. त्याला एक जोड. नुसता क्यूएचडी आणून १०० टक्क्यांवर ठेवला तर अक्षराला पिक्सेल तेवढेच, १५, फक्त अक्षर लहान होतं. फायदा हवा तर स्केलिंग वाढवायचं. ११ पॉइंटच्या चौकटीची उंची अशी पडते:
२४ इंची फुल एचडी, १००%: १५ पिक्सेल, ४.० मिमी
२७ इंची क्यूएचडी, १२५%: १८ पिक्सेल, ४.३ मिमी
२७ इंची फोरके, १७५%: २६ पिक्सेल, ४.० मिमी
२७ इंची फोरके, २००%: २९ पिक्सेल, ४.६ मिमी
शेवटचा आकार २७ इंची फुल एचडीएवढाच आहे, पण त्याच जागेत दोन्ही दिशांना दुप्पट पिक्सेल. दुकानदाराला म्हणायचं होतं ते मोठं अक्षर इथे मिळतं, आणि तेही स्वच्छ.

शेवभाजी_तिखट (भुसावळ)
फोरके १५ हजारांत नाही बसत भाऊ. २४ फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा ताजा होणारा), दहाच्या आत-बाहेर मिळतो. सगळ्यांना फोरके घ्यायला सांगून धागा कोरडा नका करू.

पिक्सेलमोजणी (धुळे)
मान्य. १० हजारांत २३.८ फुल एचडी, १५ ते २० मध्ये २७ क्यूएचडी, वीसच्या बरंच वर २७ फोरके, अशा ढोबळ पायऱ्या आहेत. भाव वर-खाली होत असतात. एक्सेल जास्त आणि मराठी कमी असेल तर २४ फुल एचडी चालतो. धागाकर्त्याचं अर्धं काम मराठी मजकुराचं आहे म्हणून किमान क्यूएचडी म्हणतोय.

उघडमीट (भुसावळ)
तुम्ही सगळे पिक्सेलवर आहात. कपाळ जड होण्याचं दुसरं कारण लुकलुक. दिसत नाही, पण असते.
एलईडी बॅकलाइटचा उजेड कमी करायच्या दोन रीती. एकात विजेचा प्रवाहच कमी करतात. दुसऱ्यात दिवा सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण बंद-चालू करतात, बंद वेळ वाढवला की उजेड कमी वाटतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. जुन्या स्वस्त मॉनिटरांत हा वेग २०० ते २४० हर्ट्झच्या आसपास असायचा. डोळा हलला, म्हणजे ओळीच्या शेवटावरून पुढच्या ओळीला आला, की त्या झपाट्यात पडद्यावर तुटक प्रतिमा पडतात. काहींना काहीच होत नाही, काहींचं डोकं तासाभरात धरतं. ब्राइटनेस १०० वर असताना बंद-चालू नसते, म्हणून दुकानात सगळे मॉनिटर छान वाटतात. घरी आणून ३० वर केला की त्रास सुरू.
तपासणी दोन मिनिटांची:
पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडा. ब्राइटनेस २० ते ३० वर आणा. खोलीतला दिवा बंद. मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडमध्ये, शटर १/२००० सेकंद. पडद्याजवळ नेऊन बघा. जाड काळे आडवे पट्टे, खूप आणि ठळक, दिसले तर पीडब्ल्यूएम. एखादी फिकट रेघ सरकत असेल तर ती पडदा ताजा होण्याची, तिच्याकडे दुर्लक्ष करा. हीच तपासणी ब्राइटनेस १०० आणि ५० वरही करा, कारण काही मॉनिटर अर्ध्यापर्यंत प्रवाह कमी करतात आणि त्याखाली बंद-चालूवर जातात.
प्रो मोड नसेल तर अंधारात पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपझप हलवा. सलग धूसर पंखा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे.

शेवभाजी_तिखट (भुसावळ)
आता घरातल्या सगळ्या पेन्सिली नाचणार. पण खोलीतला दिवा बंद का करायचा?

उघडमीट (भुसावळ)
कारण बऱ्याचदा दोषी तोच निघतो. आपली वीज ५० हर्ट्झची, दर चक्रात दोनदा शून्यावर येते, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब १०० हर्ट्झने लुकलुकतात. २०१५ च्या आयट्रिपलई (इंजिनिअरांची संघटना) १७८९ या शिफारशींत १०० हर्ट्झला ८ टक्क्यांपर्यंतचा चढउतार कमी जोखमीचा धरला आहे. आत फिल्टरचा कपॅसिटर वाचवलेले बल्ब यापेक्षा कितीतरी जास्त चढउतार करतात. कॅमेरा १/२००० वर ठेवून बल्बने उजळलेल्या भिंतीकडे धरा, पट्टे दिसले तर आधी बल्ब बदला. शंभर-दीडशे रुपयांत काम होऊ शकतं, मॉनिटरचे पंधरा हजार वाचले तर उत्तमच.
इन्व्हर्टरबद्दल पुढचा प्रश्न येणार, म्हणून आत्ताच. मॉनिटरचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट चालतो आणि आत सगळं डीसी करून देतो. व्होल्टेज हललं किंवा चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर असला तरी बॅकलाइट त्यामुळे लुकलुकत नाही. बल्ब मात्र लुकलुकू शकतो.

नंबरवाला (नंदुरबार)
चष्म्याच्या तपासणीचं काम करतो. वरणबट्टी ताईंच्या प्रश्नाला उत्तर देतो, ते धागाकर्त्यालाही लागू पडेल.
चाळिशीनंतर जवळचा चष्मा सहसा ४० सेंमीसाठी काढतात, पुस्तक धरायच्या अंतरासाठी. ४० सेंमीला डोळ्याला २.५ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजायचं माप) जोर लागतो. मॉनिटर ६० सेंमीवर असतो, तिथे लागतो १.६७. वाचायचा चष्मा लावून मॉनिटर बघितला की पडदा धूसर दिसतो, माणूस पुढे झुकतो, मान धरते. बायफोकलवाले उलट करतात: खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करतात. दोन्हींचा दोष मॉनिटरला लागतो.
उपाय सोपा. नेहमीसारखे बसा, डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेपने मोजून घ्या. तपासायला जाल तेव्हा तो आकडा सांगा: ‘माझं काम ६५ सेंमीवर आहे.’ त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो. अर्ध्या नंबरचा सिलिंडर (बुबुळाच्या असमान वक्रतेचा नंबर) राहून गेलेला असला तरी बारीक अक्षरावर डोकं दुखतं. दूरचं बरोबर दिसतं म्हणून लोक तपासत नाहीत.
पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी चार-पाच सेंमी खाली आणि पडदा थोडा मागे कलवा. नजर खाली असली की पापणी डोळा जास्त झाकते, अश्रूंचा थर कमी उडतो.

सातपुड्याची_सावली (चोपडा)
सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच की: निळा प्रकाश. लो ब्ल्यू मोड लावा, निळ्या किरणांचा चष्मा घ्या, डार्क मोड करा. एवढं पुरे.

नंबरवाला (नंदुरबार)
इथे असहमत, आणि ठामपणे. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटना अशा चष्म्यांची शिफारस करत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रन आढाव्यातही निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी डोळ्यांचा थकवा थोड्या काळात कमी होत असल्याचं दिसलं नाही. बाहेरच्या आकाशातून मिळणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे मॉनिटरचा किरकोळ आहे. रात्री झोपेसाठी विंडोजचा नाइट लाइट लावा, फुकट आहे. काचांवर वेगळे पैसे घालवू नका.
थकव्याचं मोठं कारण पापणी न लवणं. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा लवते, पडद्याकडे टक लावली की तिसऱ्या हिश्शावर येते. त्यावर स्टिकर नाही. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा आणि त्या वेळी पापण्या पूर्ण मिटा, अर्धवट नाही.

सातपुड्याची_सावली (चोपडा)
पण लो ब्ल्यू मोड लावल्यावर बरं वाटतं हे तर खरं ना?

उघडमीट (भुसावळ)
बरं वाटतं, कारण तो मोड लावला की बहुतेक मॉनिटर ब्राइटनेसही खाली आणतात. मोड काढून नुसता ब्राइटनेस कमी करून बघा. टीयूव्ही राईनलँड या जर्मन तपासणी संस्थेचं ‘फ्लिकर फ्री’ प्रमाणपत्र असेल तर ते कामाचं, कारण ते मोजून दिलेलं असतं. कंपनीने स्वतःच छापलेलं ‘आय केअर’ म्हणजे काहीही असू शकतं.

अक्षरजुळणी (अमळनेर)
डार्क मोडबद्दल: मराठीला नको. काळ्यावर पांढरं अक्षर पसरल्यासारखं दिसतं, आणि आपल्या अक्षरांतल्या गाठी, पोकळ्या आधीच बारीक. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ भरून जातात.

नंबरवाला (नंदुरबार)
दुजोरा. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते, सिलिंडर असलेल्यांना अक्षराभोवती झाक दिसते. उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्यावर काळं वाचायला सोपं. रात्री अंधारातच बसायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण अंधारात बसू नका.

उन्हाळवारं (चाळीसगाव)
खिडकी आणि कूलरकडे कुणी बघितलंच नाही, खानदेशात अर्धा प्रश्न तिथेच आहे.
खिडकी पाठीमागे आणि पश्चिमेची, म्हणजे दुपारी ३ नंतर ऊन सरळ पडद्यावर. टेबल ९० अंशात फिरवा. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला यायला हवी, पाठीला नको आणि समोरही नको. फिरवता येत नसेल तर जाड पडदा.
ब्राइटनेस किती ठेवायचा त्याचा हिशेब असा. टेबलावर ४०० लक्स (उजेडाचं माप) उजेड असला तर पांढऱ्या कागदाची चमक येते साधारण १०० निट (चमकेचं माप). मॉनिटरही तेवढाच हवा, म्हणजे टेबलावरच्या कागदावरून पडद्यावर नजर नेताना बाहुलीला सारखं लहान-मोठं व्हावं लागत नाही. लक्समीटर नको: ए-फोर कागद पडद्याच्या बाजूला धरा, रिकामं नोटपॅड उघडा, दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस फिरवा. खोलीत बहुधा २५ ते ४० च्या मध्ये कुठेतरी थांबेल. उघड्या खिडकीजवळ १५०० लक्स असले की कागदच पावणेचारशे निटला जातो. मॉनिटर २५० निटचा, तो तिथे पुरणारच नाही. म्हणून ब्राइटनेस वाढवायच्या आधी खिडकी झाका.
आता कूलर. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांत कूलरशिवाय बसता येत नाही, खरं आहे. पण झोत तोंडावर आला की अश्रूंचा थर उडतो, मग हवा कितीही ओलसर असो. पापणी आधीच कमी लवतेय, त्यात हे. चुरचुर बहुधा त्याचीच. झोत पाठीवरून किंवा पायांकडून जाऊ द्या, पट्ट्या वळवा. सीलिंग फॅन बरोबर डोक्यावर असेल तर खुर्ची दोन फूट सरकवा.
बोअरचं खारं पाणी वापरत असाल तर झोतातून आलेले बारीक तुषार पडद्यावर वाळून पांढरे ठिपके पडतात. ते पुसताना आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशने काढा, मग साध्या पाण्याने किंचित ओला मायक्रोफायबर. काचेचा निळा स्प्रे मॅट पडद्यावर नको, थर खराब होतो.

वरणबट्टी
भाऊ, कूलरचं लिहिलं ते बठ्ठं खरं शे. झोत सरळ तोंडावरच येतो आमच्याकडे. आजच फिरवते.

तापीकाठ (जळगाव)
सगळ्यांचे मनापासून आभार. खिडकी आणि कूलरचा विचार मी केलाच नव्हता. टेबल फिरवता येईल.
२७ क्यूएचडीकडे मन झुकलंय. तीन शंका: कॉम्प्युटर २०१८ चा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहेत, त्यावर चालेल का? पॅनेल आयपीएस की व्हीए? आणि स्केलिंग वाढवलं की जुने प्रोग्राम पुसट दिसतात असं ऐकलंय, ते खरं का?

पिक्सेलमोजणी (धुळे)
चालेल. त्या काळातल्या बहुतेक बोर्डांवर एचडीएमआय १.४ असतो. त्यावर क्यूएचडी ६० हर्ट्झ व्यवस्थित जातं. फोरके मात्र ३० हर्ट्झवरच अडकतं आणि माउस ओढल्यासारखा चालतो. फोरके घ्यायचा असेल तर आधी डिस्प्लेपोर्ट आहे का बघा.
व्हीजीए आजच काढा. त्यात चित्र डिजिटलचं अॅनालॉग होऊन परत डिजिटल होतं, अक्षराच्या कडा वितळतात. सध्याच्या त्रासाचा बराच भाग त्या केबलचा असू शकतो.
जोडल्यावर एवढं करा:
विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन २५६० × १४४० आहे ना ते बघा. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट मिळेल तेवढा जास्त. ओळी सरकवताना अक्षरं कमी फाटतात.
ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंग आरजीबी, रेंज फुल. एचडीएमआयवर काही वेळा आपोआप लिमिटेड लागतं, मग काळं राखाडी दिसतं आणि अक्षर फिकट. लोक मग ब्राइटनेस वाढवतात आणि डोळे दुखवून घेतात. वायसीबीसीआर ४:२:२ (रंगांची माहिती कमी करणारी पद्धत) लागलं असेल तर रंगीत अक्षरांच्या कडा फुटतात, तेही बदला.
मॉनिटरच्या मेनूत शार्पनेस. जास्त झाला की अक्षराभोवती पांढरी किनार येते, कमी झाला की पुसट. शून्यापासून वर या आणि किनार दिसायला लागली की एक पायरी मागे. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, नाहीतर पांढरी फाइल उघडली की उजेड आपोआप वर-खाली होतो.
पुसट प्रोग्राम: आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे ओव्हरराइडला खूण करून ‘सिस्टीम एन्हान्स्ड’ निवडा. नाही जमलं तर ‘अॅप्लिकेशन’. त्यात अक्षर स्पष्ट होतं पण बारीक राहतं.

अक्षरजुळणी (अमळनेर)
पॅनेलचं मी सांगते. मजकुराला आयपीएस. व्हीएचा काळा छान, कॉन्ट्रास्ट ३०००:१ पर्यंत, आयपीएसचा १०००:१, पण व्हीएमध्ये बाजूने बघितलं की करडा रंग बदलतो. २७ इंचीच्या समोर बसल्यावर कोपरे बाजूनेच दिसतात. शिवाय काळं अक्षर सरकवताना मागे शेपूट राहते.

उघडमीट (भुसावळ)
व्हीएला एवढं नाकारू नका. संध्याकाळी मंद उजेडात आयपीएसचा काळा धुरकट दिसतो, काहींना तेच टोचतं. पण दिवसभर मजकूरच असेल तर आयपीएस, सहमत. ओएलईडी मात्र नको: त्यातल्या रंगपट्ट्यांची मांडणी वेगळी असते म्हणून अक्षरांना रंगीत किनार येते, आणि टॅलीसारखी दिवसभर हलत नसलेली पट्टी त्याला मानवत नाही.

शेवभाजी_तिखट (भुसावळ)
६ बिट + एफआरसीची लुकलुक असते म्हणे? त्यावरून मोठमोठे वाद वाचलेत.

उघडमीट (भुसावळ)
असते. पॅनेल ६ बिटचं असलं तर मधल्या छटा दाखवायला दोन जवळच्या छटा आळीपाळीने दाखवतात. पण फरक एका छटेचा, बॅकलाइट पूर्ण विझण्याइतका नाही. फार संवेदनशील लोक तक्रार करतात, त्यांनी ८ बिट बघावा. बाकीच्यांनी आधी वरची सगळी कामं करावीत.

केळीबागा (रावेर)
घरात ३२ इंची टीव्ही पडून आहे. तोच जोडला तर? पैसे वाचतील.

पिक्सेलमोजणी (धुळे)
३२ इंची टीव्ही बहुतेक १३६६ × ७६८ असतात, म्हणजे इंचाला ५० ठिपके. मजकुराला अजिबात नको. वर टीव्ही चित्राच्या कडा कापतो, स्वतःचा शार्पनेस लावतो आणि रंगांची माहिती निम्मी करतो, लाल अक्षर वाचून बघा म्हणजे कळेल. ४३ इंची फोरके टीव्हीचे ठिपके १०२ पडतात, तो इनपुटचं नाव ‘पीसी’ करून चालवता येतो, पण टेबलावर ६० सेंमीवर ४३ इंच म्हणजे मान सतत डावी-उजवी. सिनेमालाच ठेवा.

उन्हाळवारं (चाळीसगाव)
स्टँडबद्दल कुणी बोललं नाही. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. उंची बदलणारा स्टँड असेल तर हजार-दीड हजार जास्त देण्यात अर्थ आहे. नसेल तर मागे १०० × १०० मिमीची चार भोकं आहेत का बघा, म्हणजे नंतर आर्म लावता येतो. तोही नको असेल तर सुताराकडून एक इंची फळी मापाने कापून घ्या. गठ्ठ्यांवर मॉनिटर ठेवू नका, २७ इंची डोलतो.

नंबरवाला (नंदुरबार)
आणि डोळे लाल दिसतात म्हणून दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून घालू नका. कोरडेपणाला वंगणाचे थेंब वेगळे असतात, डॉक्टरांना विचारून घ्या. महिनाभरात बदल केल्यावरही चुरचुर राहिली तर तपासून घ्या, पापणीच्या कडेच्या ग्रंथी तुंबल्या तरी असंच होतं.

तापीकाठ (जळगाव)
ठरलं: २७ क्यूएचडी, आयपीएस, उंची बदलणारा स्टँड, एचडीएमआय. चष्मा ६५ सेंमीसाठी तपासून घेतो. आता गोलाणी मार्केटमध्ये जाताना दुकानात उभ्या-उभ्या काय काय तपासावं तेवढं सांगा, ऑनलाइन घ्यायचा मानस नाही.

अक्षरजुळणी (अमळनेर)
पेनड्राइव्हवर एक मराठी फाइल न्या, ११ पॉइंट, निर्मला यूआय आणि मंगल दोन्हींत. त्यात ‘घध, भम, ष्ट ष्ठ, कर्तृत्व, दृष्टी, उद्धव’ ठळक न करता लिहा. दुकानातला दाखवायचा व्हिडिओ बंद करायला सांगून ती उघडा, स्केलिंग १२५ करा, हाताने ६० सेंमी अंतर मोजून वाचा. ‘ध’ची फट दिसली पाहिजे.

उघडमीट (भुसावळ)
त्याच फाइलमध्ये एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं पान ठेवा. पांढऱ्यावर ब्राइटनेस २५ करून कॅमेऱ्याने पट्टे बघा. दुकानातला उजेड बंद होणार नाही, म्हणून मोबाइल पडद्याला जवळजवळ चिकटवा. काळ्यावर कोपऱ्यांतून गळणारा उजेड बघा, थोडा सगळ्यांतच असतो, पिवळा मोठा डाग असेल तर दुसरा नग मागा. दाखवायला ठेवलेला नग आणि खोक्यातला नग वेगळे असतात, पैसे द्यायच्या आधी खोक्यातलाच उघडून लावायला सांगा. मेलेले पिक्सेल किती असले तर बदलून मिळेल ते बिलावर लिहून घ्या. बऱ्याच कंपन्या एक-दोन पिक्सेलला दोष मानत नाहीत, दुकानदार मात्र त्याच दिवशी बदलून देऊ शकतो.